निवेदनाच्या आधी : स्वतंत्र माहितीपटातील कसब आणि समीक्षेची दृष्टी

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'उपयोजित मराठी' किंवा 'प्रसारमाध्यमांसाठी लेखन' अशा नावाची प्रश्नपत्रिका आता बहुतेक ठिकाणी रुळली आहे. तीत माहितीपटाच्या संहितालेखनाचा एक घटक असतो. विद्यार्थ्याने कागदाचे दोन रकाने करावयाचे. डावीकडे 'दृश्य', उजवीकडे 'निवेदन'. विषय ठरवावा, माहिती जमवावी, निवेदन लिहावे आणि त्या निवेदनाला शोभतील अशी दृश्ये डाव्या रकान्यात सुचवावीत, अशी ही रीत. त्याच विद्यार्थ्याला त्याच सत्रात दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत साहित्यसिद्धांत शिकवला जातो. तेथे तो प्रतिनिधित्वाचा प्रश्न, भाषेतील सत्तासंबंध, लेखकाच्या अधिकाराचे विसर्जन यांविषयी वाचतो. या दोन प्रश्नपत्रिकांची आपसांत ओळख नाही. एकीत 'कौशल्य' आहे, दुसरीत 'विचार' आहे. आणि पहिलीतले शिकणे नोकरीसाठी, दुसरीतले ज्ञानासाठी, अशी एक अनुच्चारित वाटणी आपण सर्वांनी मान्य करून टाकली आहे.

स्वतंत्र माहितीपटाच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. कॅमेरा कोठे ठेवला, माइक कोणाच्या दिशेने धरला, फीत संपत आली असता काय केले, जोड कोठे लपवला आणि कोठे उघडा ठेवला, हे सारे निर्णय 'आशय' ठरल्यानंतरच्या अंमलबजावणीचे नव्हेत. चित्रित करणारा आणि चित्रित होणारा यांच्यातील नाते त्या निर्णयांतच ठरते. आणि त्या नात्याबाहेर माहितीपटाला वेगळा आशय नसतो. आपली समीक्षा मात्र माहितीपटाकडे वळते तेव्हा बहुधा त्याचा विषय पाहते, भूमिका पाहते, फार तर निवेदन वाचते. आणि निवेदन हा तर, पुढे दिसेल त्याप्रमाणे, पुष्कळदा या प्रकारातील सर्वांत उशिराचा आणि सर्वांत उपरा घटक असतो.

'स्वतंत्र' हा शब्दही थोडा स्पष्ट करावयास हवा. एकट्याने केलेला, असा त्याचा अर्थ नाही; सरकारी वा व्यापारी मागणीवाचून, विषयाची निवड आणि अखेरचा काट यांवर आपला ताबा ठेवून केलेला, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे. पैसा कोठून तरी येतोच.

प्रथम त्या दोन रकान्यांविषयी. ही रीत निरागस नाही; तिला इतिहास आहे. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि पुढची कित्येक दशके देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी तिचे लघुपट दाखवणे परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते. तीन-चार पिढ्यांच्या प्रेक्षकांनी 'माहितीपट' म्हणून जे ओळखले ते हे. धरणे, धान्य, कुटुंबनियोजन. आणि या सर्वांवर पसरलेला एक भारदस्त, कोणाचाच नसलेला आवाज. हे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत रूपांतरित होई, आणि भाषांतरकाराला चित्राच्या लांबीत बसेल एवढेच शब्द वापरावे लागत. म्हणजे चित्र तेच, माणसे तीच, त्यांचे ओठ हलत असले तरी ऐकू येणारा आवाज मात्र दिल्ली-मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातला. शेतकरी दिसतो, बोलत नाही. त्याच्याविषयी बोलले जाते. येथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. १९६७ च्या सुमारास याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय अ‍ॅम ट्वेन्टी' आणि के. एस. चारी व टी. ए. अब्राहम यांचा 'फेस टू फेस' असे लघुपट निघाले, ज्यांत माणसे कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने बोलतात, आणि राज्यसंस्थेला सोयीचे असेलच असे नव्हे ते बोलतात. पण हे अपवाद. नियमाचा साचा दोन रकान्यांचाच राहिला. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण जाहीर झाले; साचा मात्र आमच्या प्रश्नपत्रिकांत सुखरूप आहे. राज्यसंस्थेच्या एका विशिष्ट काळातील बोलण्याची पद्धत आपण विद्यार्थ्यांना माहितीपटाचे 'तंत्र' म्हणून शिकवतो आहोत, याची जाणीव फारशी कोणाला दिसत नाही.

याचे एक कारण आपल्या समीक्षेच्या परंपरेतच शोधता येईल. 'माध्यम' हा शब्द मराठी सौंदर्यशास्त्रात मर्ढेकरांपासून मध्यवर्ती आहे. पण मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम शब्द किंवा ध्वनी नसून भावनात्मक अर्थ होय, अशी मांडणी केली. आणि पुढील सारा वाद त्या मांडणीच्या बाजूने वा विरुद्ध झाला, तरी माध्यमाला शाई, कागद, फीत आणि पैसा यांचा स्पर्श असू शकतो हे त्यात जवळपास आलेच नाही. (मर्ढेकर स्वतः आकाशवाणीत नोकरीस होते आणि त्यांनी संगीतिकाही लिहिल्या, हे ध्यानात घेतले की हा विरोधाभास अधिकच जाणवतो.) त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या बांधिलकीवादी समीक्षेनेही लेखकाची बाजू कोणती, एवढेच विचारले. वॉल्टर बेन्यामिन याने १९३४ साली, उत्पादक या नात्याने लेखकाचा विचार करताना, प्रश्नाची दिशाच बदलली होती. कलाकृतीची भूमिका तिच्या काळातील उत्पादनसंबंधांविषयी काय आहे, एवढे विचारून भागत नाही. त्या उत्पादनसंबंधांच्या आत ती स्वतः कोठे उभी आहे हे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर तंत्रात सापडते, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे बेन्यामिन वाचला जातो, पण या निबंधाचा उपयोग प्रत्यक्ष कृतींच्या वाचनासाठी क्वचितच झाला. माहितीपट हे त्यासाठी उत्तम क्षेत्र आहे, कारण येथे उत्पादनाच्या खुणा पुसणे कादंबरीपेक्षा कठीण असते.

थोडा हिशेब मांडू. सोळा मिलिमीटरच्या चारशे फुटी मॅगझिनमध्ये सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने सुमारे अकरा मिनिटांचे चित्रण मावते. शंभर फुटांचे लहान रीळ पावणेतीन मिनिटांत संपते. फीत विकत घ्यायची, प्रयोगशाळेत धुवायची, तिची रश प्रिंट काढायची, आणि ध्वनीसाठी नाग्रासारख्या वेगळ्या यंत्रावरील फीत तिच्याशी जुळवायची. जुळवण्यासाठी क्लॅप हवा. म्हणजे समोरचा माणूस बोलावयास लागण्यापूर्वी त्याच्या तोंडापुढे एक पाटी आपटायची. फीत महाग असली की चित्रित केलेल्यापैकी वापरायचे किती याचे प्रमाण आखडते आणि कॅमेरा 'उपयुक्त' बोलण्याची वाट पाहू लागतो. माणूस मुद्द्यावर येईपर्यंत यंत्र बंद. आता झोपडपट्टी पाडली जात असताना बोलणाऱ्या बाईचा मुद्दा नेमका कोठे सुरू होतो? ती आधी शेजारणीचे नाव घेते, मग कोठल्या गावाहून आलो ते सांगते, मग रडते, मग भांडते. अकरा मिनिटांच्या फितीची शिस्त तिच्या बोलण्याच्या रीतीच्या विरुद्ध असते. हा प्रश्न लेखणीने काम करणाऱ्याला पडत नाही. त्याला कागद स्वस्त असतो.

आनंद पटवर्धन यांचा 'बॉम्बे : अवर सिटी' किंवा 'हमारा शहर' (१९८५) या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. पटवर्धन यांनी १९७५ मध्ये 'क्रांति की तरंगें' हा बिहारच्या आंदोलनावरील चित्रपट सुपर-८ सारख्या हौशी साधनांचा आधार घेऊन केला होता आणि आणीबाणीत त्याच्या प्रतीचे तुकडे करून ते परदेशी पोहोचवावे लागले होते. त्या मानाने 'हमारा शहर' स्थिर हाताने केलेला. त्याच्या छायालेखकांत रंजन पालित होते. चित्रपट मुंबईतील पदपथांवरील आणि झोपडपट्ट्यांतील वस्त्या पाडण्याविषयीचा. त्यातील एक प्रसंग माहितीपटाविषयी बोलणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. घर गमावलेली एक बाई चित्रपट करणाऱ्यांवरच उलटते. फोटो कशाला काढता, गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमचे काय होणार, असा तिचा सवाल आहे.

या प्रसंगाचे वाचन बहुधा 'आत्मचिकित्सा' या शब्दाने केले जाते : दिग्दर्शकाने स्वतःवरील टीका चित्रपटात ठेवली, हा त्याचा प्रामाणिकपणा. मला हे वाचन अपुरे वाटते. हा प्रसंग दोन निर्णयांतून तयार झाला आहे आणि ते दोन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या वेळी घेतले गेले. पहिला निर्णय त्या जागी, काही सेकंदांत झाला : कॅमेरा बंद न करण्याचा. समोरची व्यक्ती रागावली की यंत्र खाली घेणे ही छायालेखकाची स्वाभाविक, सभ्य प्रतिक्रिया. महागडी फीत भांडणावर खर्च न करणे ही व्यवहारी प्रतिक्रिया. दोन्ही टाळल्या गेल्या. दुसरा निर्णय संकलनाच्या टेबलावर, कदाचित कित्येक महिन्यांनी झाला : तो तुकडा टाकून न देण्याचा. प्रामाणिकपणा हा गुण दुसऱ्या निर्णयाला लावता येईल. पहिल्याला लावता येत नाही, कारण तेथे विचार करण्याइतका वेळच नसतो. तेथे सवय काम करते, हाताला लागलेले वळण काम करते. ज्याला आपण कसब म्हणतो ते हेच वळण, आणि त्या बाईचा प्रश्न आज आपल्यापर्यंत पोहोचतो तो त्या वळणामुळे. निम्नस्तरीय व्यक्ती बोलू शकते काय, हा गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा १९८८ सालचा प्रश्न आपण आवडीने उद्धृत करतो. माहितीपटापुरता त्याआधीचा प्रश्न असा आहे की ती बोलली तेव्हा माइक कोठे होता.

मात्र याच चित्रपटात कसबाची दुसरी, कमी निर्मळ बाजूही आहे. सुखवस्तू नागरिक झोपडपट्टीविषयी नाक मुरडून बोलतात आणि लगेच पुढील दृश्यात झोपडी कोसळते, अशी विरोधावर उभी असलेली जोडणी पटवर्धन वारंवार योजतात. परिणाम तत्काळ होतो. पण असा प्रत्येक जोड प्रेक्षकाला सांगत असतो की या बोलण्याविषयी काय वाटून घ्यावयाचे. निवेदकाचा आवाज काढून टाकला, तरी निवेदन गेले नाही; ते कात्रीत जाऊन बसले. फिल्म्स डिव्हिजनच्या भारदस्त आवाजाशी भांडणाऱ्या चित्रपटाने त्याच आवाजाचे काम जोडांकडून करून घ्यावे, ही गोष्ट त्याच्या बाजूचा प्रेक्षक असूनही मला खटकते. ज्या क्षणी ती बाई दिग्दर्शकावर उलटते त्या क्षणी चित्रपट मोठा होतो, कारण तेथे जोडणीला निकाल आधी ठाऊक नाही.

ध्वनीचा विचार मराठी समीक्षेने विशेष आस्थेने करावयास हवा. शब्द हा आपलाच प्रांत म्हणून. ध्वनिमुद्रक कोणत्याही जागेचे चित्रण संपल्यावर सर्वांना गप्प उभे करून अर्धा-एक मिनिट त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करून घेतो. व्यवसायात तिला 'रूम टोन' म्हणतात. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते : पंखा, दूरची रहदारी, पत्र्यावरचे ऊन. या शांततेचा उपयोग काय? संकलनात एखाद्याच्या वाक्याचा मधला भाग कापला, तर पार्श्वध्वनी तुटून जोड कानाला कळतो. त्याखाली ती शांतता अंथरली की जोड कळत नाही. चित्रातला जोड लपवण्यासाठी मधे हातांचे, ऐकणाऱ्या चेहऱ्याचे, भिंतीवरच्या तसबिरीचे दृश्य घालतात, त्याला 'कटअवे' म्हणतात. या दोन साध्या युक्त्यांनी एका माणसाच्या दोन अर्ध्या वाक्यांचे एक सलग वाक्य करता येते, आणि त्याने ते तसेच उच्चारले याबद्दल कोणाही प्रेक्षकाला शंका येत नाही.

हे कसब वाईट आहे असे नव्हे. त्याशिवाय दोन तासांच्या मुलाखतीची चार मिनिटे करणे अशक्य. पण ते नेमके काय करते याचा विचार करताना मराठी वाचकाला 'शब्दांकन' आठवावयास हरकत नाही. निरक्षर वा अल्पशिक्षित व्यक्तीचे कथन ऐकून दुसऱ्याने ते लिहून काढलेली आत्मकथने आपल्याकडे विपुल आहेत. त्यांत कथन करणाऱ्याची पुनरुक्ती किती गाळली, क्रम किती बदलला, बोलीतले रूप कोठे प्रमाण केले, हे छापील पानावर कळत नाही; शब्दांकनकाराचा रूम टोन सर्वत्र सारखा अंथरलेला असतो. या आत्मकथनांच्या 'अस्सलपणा'विषयी आपण पानेच्या पाने लिहिली, पण शब्दांकनाच्या कसबाविषयी फार थोडे. माहितीपटात निदान एक पर्याय उपलब्ध आहे : जोड उघडा ठेवण्याचा. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर चित्र एकदम उडी घेते, प्रेक्षकाला कळते की येथे काही वगळले आहे. नवशिक्याला हा दोष वाटतो. जाणत्या हातात तो सौजन्याचा भाग असतो.

माइकच्या जागेचेही तसेच. कॉलरला लावलेला लहान माइक एका माणसाचा आवाज भोवतालापासून सोडवून घेतो. काठीवर धरलेला माइक त्याच्याबरोबर बाजूला बसलेल्यांचे, मधेच तोंड घालणाऱ्यांचेही घेतो. वस्तीत, मोर्चात, कामगारांच्या बैठकीत एकाचे बोलणे दुसरा पुरे करतो, तिसरा दुरुस्त करतो. तेथे कॉलरचा माइक लावणे म्हणजे सामुदायिक कथनातून एक 'व्यक्ती' कोरून काढणे. ध्वनी स्वच्छ मिळतो. पण कथनाचा कर्ता बदलतो.

या संदर्भात मराठी अभ्यासकांनी ज्यांची दखल आधीच घ्यावयास हवी होती असे दोन लघुपट आहेत. दोन्ही मराठी भाषेतले, दोन्ही साधारण पंचवीस मिनिटांचे. १९८० साली दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज काँट्रॅक्टर यांनी बंगळूरमध्ये 'युगांतर' हा गट स्थापन केला. त्यांचा पहिला चित्रपट 'मोलकरीण' (१९८१) पुण्यातील घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेविषयी. दुसरा 'तंबाकू चाकिला ऊब आली' (१९८२) निपाणीच्या तंबाखू-कामगार स्त्रियांच्या संघर्षाविषयी. निपाणी राज्याच्या नकाशात कर्नाटकात असली तरी चित्रपटातील बोलणे सीमेवरच्या मराठीत आहे. बर्लिनच्या आर्सेनल या चित्रपटसंस्थेच्या पुढाकाराने अलीकडच्या वर्षांत या चित्रपटांचे डिजिटल रूपांतर झाले, त्यामुळे ते पुन्हा पाहता येतात.

निपाणीच्या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे की संघटना कशी उभी राहिली, बैठका कशा झाल्या, संप कसा झाला हे कामगार स्त्रियांनी स्वतः कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवून दाखवले आहे. शुद्ध माहितीपटाच्या पुरस्कर्त्याला हे पाप वाटेल. घडले तेव्हा कॅमेरा तेथे नव्हता. मग दाखवले ते खरे कसे? पण निर्मितीच्या बाजूने पाहिले की प्रश्न वेगळा दिसतो. लहान गट, मोजकी फीत, अवजड सामान. घटनेच्या मागे धावणे शक्य नाही. तेव्हा घटना ज्यांची, त्यांनाच विचारावयाचे की ती कशी झाली आणि कोणत्या क्रमाने दाखवावी. पुनर्रचनेत कोणते वाक्य कोणी बोलावे हे त्या बायकांना आठवावे लागते, त्यावर आपसांत वाद घालावा लागतो. म्हणजे संहितालेखन झाले, पण ते दोन रकान्यांत नव्हे, आणि एका लेखकाकडून नव्हे. साधनांच्या टंचाईतून आलेली ही रीत कथनाचा अधिकार हलवते. 'सहभाग', 'सामूहिक लेखकत्व' या संज्ञा आपण सिद्धांतात वापरतो तेव्हा त्यांना जेवढे वजन असते, त्याहून अधिक वजन या पंचवीस मिनिटांना आहे, असे मला वाटते. काही ठिकाणी बायका कॅमेऱ्यापुढे अवघडतात, वाक्य पाठ केल्यासारखे म्हणतात. तो अवघडलेपणा झाकलेला नाही. आणि थोड्याच वेळात कारखान्याच्या आतल्या दृश्यांत त्याच हातांची सराईत हालचाल दिसते तेव्हा बोलणे आणि काम यांतील अंतर जाणवते, जे कोणत्याही निवेदनाने सांगता आले नसते.

व्हिडिओची फीत आली, पुढे डिजिटल साधने आली, आणि अकरा मिनिटांची शिस्त मोडली. तासाची कॅसेट चारशे फुटी मॅगझिनच्या तुलनेत क्षुल्लक किमतीची. आता अडचण उलट दिशेची : चित्रण शेकडो तासांचे, आणि ते पाहावयाचे कोणी? येथे निर्मितीचे एक कसब पुढे आले ज्याचा चित्रपटविषयक लेखनात क्वचित उल्लेख होतो, आणि जे अक्षरशः मराठीच्या पदवीधराचे काम आहे. चित्रणातील प्रत्येक बोलणे लिहून काढणे, आणि मग त्या लिखित पानांवरून 'कागदी संकलन' करणे. कोणत्या कॅसेटवर, कितव्या मिनिटाला, कोण काय म्हणाले याची पाने समोर ठेवून संकलक वाक्ये निवडतो. लिहून काढणारा 'हाय' चे 'आहे' करतो, 'म्हंजे बघा' गाळतो, मधली शांतता नोंदवत नाही. पानावर पूर्ण, आटोपशीर वाक्ये बोलणारा माणूस चांगला दिसतो. अडखळणारा, मधेच थांबणारा, हाताने अर्धे सांगणारा माणूस पानावर रिकामा दिसतो. पूर्ण वाक्यांत कोण बोलतो? पुढारी, शिक्षक, कार्यकर्ता, बहुधा पुरुष. कागदी संकलनात निवड होते ती अशी, कोणाच्याही वाईट हेतूशिवाय. म्हणून अनुभवी संकलक पानांवर विसंबत नाही. तो पुन्हा फितीकडे जातो, कानाने निवडतो. बोलीभाषेच्या लिप्यंतरणाचे जे प्रश्न आपण भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतो, ते येथे कोणाचा आवाज चित्रपटात उरेल हे ठरवतात. विद्यार्थ्याला निवेदन लिहावयास लावण्यापेक्षा एखाद्या वयस्क बाईचे दहा मिनिटांचे बोलणे, थांबण्यासकट, लिहून काढावयास लावले तर ती परीक्षा अधिक कठीण होईल.

पटवर्धन यांच्याच 'जय भीम कॉम्रेड' कडे (२०११) आता वळता येईल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. 'हमारा शहर' मध्ये घोगरे गायले होते. त्यांच्या मृत्यूपासून सुरू झालेले हे चित्रण चौदा वर्षे चालले आणि तीन तासांहून मोठा चित्रपट तयार झाला. चौदा वर्षे हा आकडा चिकाटीचा दाखला म्हणून सांगितला जातो. तो आर्थिक आकडाही आहे : स्वतः कॅमेरा धरणारा, स्वतः संकलन करणारा आणि फीत स्वस्त झालेली, या तीन अटी एकत्र आल्याशिवाय एवढा काळ कोणालाही परवडत नाही.

या अटींमुळे काय साध्य झाले ते गाण्यांत पाहावे. सोळा मिलिमीटरवर एक पुरे गाणे म्हणजे मॅगझिनचा मोठा हिस्सा. म्हणून त्या काळातील माहितीपटांत गाणे बहुधा दुसऱ्या दृश्यांखाली पसरले जाते, त्याला पार्श्वसंगीताचे काम मिळते. 'जय भीम कॉम्रेड' मध्ये संभाजी भगत, शीतल साठे आणि अनेक अनामिक गायक वस्तीत, मंचावर, रस्त्यावर गातात आणि कॅमेरा त्यांच्यापाशी थांबतो. श्रोते दिसतात, टाळ्या कोठे पडतात ते कळते, कोणत्या ओळीला बायका हसतात ते कळते. शाहिरीचा आपला अभ्यास छापील संग्रहांवर झाला. छापील पानावर ती पुष्कळदा उघडी, प्रचारकी वाटते आणि रूपवादी समीक्षेने तिला त्याच कारणासाठी दाराबाहेर ठेवले. येथे कळते की पानावर ज्या जागा रिकाम्या दिसतात त्या श्रोत्यांनी भरावयाच्या होत्या. हा शोध दिग्दर्शकाच्या भूमिकेतून लागलेला नाही. कॅमेरा चालू ठेवणे परवडल्यामुळे लागलेला आहे, आणि केव्हा चालू ठेवावा हे हाताला ठाऊक असल्यामुळे.

चित्रपटात गोळीबारासंबंधीच्या चित्रणाचीही तपासणी आहे. जमाव गॅसच्या टँकरना आग लावू पाहत होता, अशी पोलिसांची बाजू होती, आणि तिच्या समर्थनार्थ व्हिडिओ-चित्रण पुढे आले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये संबंधित अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषीही ठरवले. चित्रपट या कागदपत्रांबरोबर फीतही वाचतो : कोणते दृश्य कोणत्या आधीचे, टँकर कोठे, माणसे कोठे. साहित्याचा अभ्यासक पाठचिकित्सा करतो ती याच जातीची. प्रक्षिप्त कोणते, क्रम कोणी बदलला. जोड लपवण्याचे कसब ज्याला येते त्यालाच लपवलेला जोड ओळखता येतो. यापेक्षा 'प्रतिनिधित्वाच्या राजकारणा'चे अधिक प्रत्यक्ष उदाहरण वर्गात देता येईल असे मला वाटत नाही.

तंत्राच्या बाजूने एवढे बोलले की एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. कसबाची पूजा करणारे माहितीपटकारही आहेत. दारिद्र्याचे सुरेख प्रकाशात चित्रण करणारे, मावळतीच्या वेळेची वाट पाहणारे, ड्रोनवरून वस्तीचे छप्पर पाहणारे. त्यांच्या कामात काही उणे नसते. दूरच्या भिंगाने, समोरच्याला कळू न देता टिपलेला अश्रू तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असू शकतो. रुंद भिंगाने तोच चेहरा टिपावयाचा तर हातभर अंतरावर जावे लागते, आणि हातभर अंतरावर जाण्यासाठी आधी ओळख व्हावी लागते. भिंगाच्या निवडीत ओळखीचा इतिहास असतो. समीक्षेने तो वाचावा, एवढीच अपेक्षा आहे. कारागिरीला गुण देत बसावे अशी नाही.

भाषांतराचा एक मुद्दा राहतो. हे चित्रपट मराठीबाहेर जातात ते उपशीर्षकांच्या ओळींतून, आणि उपशीर्षक हे निर्मितीतील शेवटचे, घाईचे, बहुधा सर्वांत कमी मोबदल्याचे काम. पडद्यावर एका वेळी दोन ओळी, वाचावयास काही सेकंद. बोली, श्लेष, शिवी, आर्जव सारे त्या दोन ओळींत सपाट होते. निपाणीच्या चित्रपटाचे इंग्रजी नाव 'टोबॅको एम्बर्स' असे आहे. 'ऊब' चा निखारा झाला. निखारा डोळ्यांना दिसतो, संघर्षाच्या चित्रपटाला शोभतो, महोत्सवाच्या पत्रिकेत चटकन कळतो. मूळ शब्दातली उष्णता आत धरलेली, हात लावल्यावरच कळणारी. आणि तंबाखूच्या वखारीत दिवसभर बसलेल्या बाईने तो शब्द उच्चारला तर त्यात कामाचाही अर्थ असतो आणि संघटनेचाही. १९८२ साली सीमेवरच्या मराठीत बायका आपल्या कामाविषयी कशा बोलत होत्या याचा ध्वनिमुद्रित पुरावा त्या पंचवीस मिनिटांत आहे. त्याची संहिता, थांबण्यांसह, बोलीसह आणि कोण कोणाचे वाक्य पुरे करते त्याच्या नोंदींसह तयार करणे हे कोणत्याही मराठी विभागाला एका सत्रात जमण्यासारखे काम आहे, आणि त्यासाठी कागदाचे दोनाहून अधिक रकाने करावे लागतील.